वाचकांचे प्रश्न : सेवा चालू ठेवून पॅच कसे लावायचे?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. सुरक्षेचे पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, लावायचे आहेत, पण त्यासाठी काउंटर, काटा किंवा पोर्टल बंद ठेवायची सोय नाही. पुढची बहुतेक उत्तरं एका फरकावर उभी आहेत, म्हणून तो आधीच सांगतो. मशीन बंद होणं वेगळं आणि सेवा बंद पडणं वेगळं. मशीन खुशाल बंद करा. वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागू नये, एवढी व्यवस्था करा.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाचा उबुंटू लिनक्स सर्व्हर ४०० दिवसांहून जास्त काळ सलग चालू आहे. लाइव्हपॅच घेतला की रिबूट कधीच करावं लागणार नाही, असं पुरवठादार सांगतो. खरं आहे का? (कोल्हापूर)

खरं नाही. लाइव्हपॅच म्हणजे मशीन चालू असतानाच कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, केलेली दुरुस्ती. तिच्यामुळे रिबूट पुढे ढकलता येतं, एवढाच त्याचा अर्थ. तेवढंही मोलाचं आहे, पण मर्यादा समजून घ्या.

लाइव्हपॅचमध्ये दुरुस्त केलेलं फंक्शन एका कर्नल मॉड्यूलमधून मेमरीत आणलं जातं. मग एफट्रेस या कर्नलमधल्याच सोयीने जुन्या फंक्शनच्या तोंडाशीच वाट नव्याकडे वळवली जाते. जुना कोड मेमरीत तसाच पडून असतो, फक्त तिकडे कोणी जात नाही. प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक (चालू फंक्शनांची रांग) तपासला जातो आणि ती त्या क्षणी जुन्या फंक्शनच्या आत नाही याची खात्री झाली की तिला नव्या वाटेवर घेतलं जातं. मूळ लिनक्समध्ये ही सोय ४.० आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०१५ पासून आहे. रेड हॅटचं केपॅच आणि सुसेचं केग्राफ्ट या २०१४ मधल्या दोन कामांतून ती उभी राहिली.

मर्यादाही इथूनच येतात. फंक्शनचा कोड बदलता येतो, पण डेटा स्ट्रक्चरचा आकार बदलायचा असेल तर अडचण होते. जुन्या मापाच्या असंख्य नोंदी आधीच मेमरीत पसरलेल्या असतात आणि नवा कोड त्या चुकीच्या वाचेल. मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी जानेवारी २०१८ मध्ये उघड झाली तेव्हा उबुंटूच्या लाइव्हपॅचमधून तिची दुरुस्ती मिळाली नाही, नव्या कर्नलमध्ये रिबूटच करावं लागलं. शिवाय हा पॅच फक्त कर्नलचा असतो. ग्लिबसी ही मूळ सी लायब्ररी, ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी, बायोस, अनेक डिस्क जोडून चालवणाऱ्या रेड कार्डाचं फर्मवेअर यांना तो हात लावत नाही. आणि तो सहसा गंभीर त्रुटींपुरताच, तोही एका ठरलेल्या मुदतीपर्यंतच्या कर्नलसाठी मिळतो. तुमचा कर्नल त्या मुदतीबाहेर गेला की सेवा चालू दिसते, पण नवे पॅच येत नाहीत. म्हणून ‘कॅनॉनिकल-लाइव्हपॅच स्टेटस’ ही आज्ञा आठवड्यातून एकदा चालवून उत्तर नीट वाचा. कर्नलची आवृत्ती सांगणारी ‘यूनेम’ आज्ञा लाइव्हपॅचनंतरही जुनाच कर्नल क्रमांक दाखवते, त्यामुळे काही स्कॅनर त्रुटी बाकी असल्याचं सांगत राहतात. तो अहवाल या स्टेटसशी ताडून पाहा.

आता ४०० दिवसांबद्दल. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो, आम्हाला मात्र त्याची भीती वाटते. हे मशीन पुन्हा नीट उठेल याचा ४०० दिवसांत पुरावा मिळालेला नाही. मधल्या काळात कोणी एखादी सेवा हाताने चालू केली असेल आणि ती बूटवेळी सुरू व्हायची नोंद केली नसेल. फायरवॉलचे नियम मेमरीत असतील, फाइलमध्ये नसतील. एफएसटॅब या बूटवेळी जोडायच्या डिस्कच्या यादीत काढून टाकलेल्या डिस्कची ओळ असेल. अशा एका ओळीमुळे मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. बूट पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरलेलं असेल, तर नवा कर्नल अर्धवटच बसलेला असतो.

रिबूटआधी या क्रमाने जा. सेवा सांभाळणाऱ्या ‘सिस्टिमसीटीएल’ आज्ञेने आत्ता चालू असलेल्या सेवांची यादी काढा आणि ‘एनेबल्ड’, म्हणजे बूटवेळी आपोआप सुरू होणाऱ्या, सेवांच्या यादीशी ताडा. चालू फायरवॉल नियम आणि साठवलेली फाइल यांत फरक आहे का पाहा. ‘फाइंडमाउंट’ आज्ञा व्हेरिफाय पर्यायासह चालवून एफएसटॅब तपासा. बूट पार्टिशनमध्ये निदान एका कर्नलला पुरेल एवढी जागा आहे का बघा. सर्व्हरच्या रिमोट कन्सोलचा पासवर्ड चालतो का, हे आदल्या दिवशीच लॉगिन करून पाहा, कारण मशीन उठलं नाही तर तेवढाच दरवाजा उरतो. एवढं झाल्यावर पहिलं रिबूट दिवसा, माणसं हजर असताना, ठरवून करा. नंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी करत राहा.

प्रश्न : ओपनएसएसएलचा पॅच लावला, पॅकेजची आवृत्ती नवी दिसते. तरी ऑडिटरच्या मते एनजिनएक्स हा वेब सर्व्हर जुनीच लायब्ररी वापरतो. रीलोडही केलं. (ठाणे)

ऑडिटर बरोबर आहे. डिस्कवरची फाइल बदलली तरी चालू प्रोसेसने आधी मेमरीत घेतलेली प्रत तिच्याकडेच राहते. उघड्या फाइल दाखवणारं ‘एलएसओएफ’ चालवून लायब्ररीच्या नावापुढे ‘डीईएल’ अशी खूण दिसते का पाहा. ती खूण असलेली प्रत्येक प्रोसेस जुन्या कोडवर आहे. डेबियन आणि उबुंटूवर ‘नीडरीस्टार्ट’, रेड हॅट घराण्यात ‘नीड्स-रीस्टार्टिंग’ हे काम तुमच्यासाठी करतं.

रीलोड का चाललं नाही? एनजिनएक्समध्ये रीलोड केल्यावर मास्टर, म्हणजे मुख्य प्रोसेस, तीच राहते. ती फक्त कॉन्फिगरेशन नव्याने वाचते आणि विनंत्या हाताळणारे नवे वर्कर स्वतःतूनच काढते, म्हणून नव्या वर्करनाही जुनीच लायब्ररी मिळते. मास्टरच बदलायला हवा. तो कनेक्शन न तोडता असा बदलता येतो :

१. जुन्या मास्टरला यूएसआर-२ सिग्नल द्या. तो आपली पीआयडी (प्रोसेस क्रमांकाची) फाइल ‘ओल्डबिन’ या शेपटासह बाजूला ठेवतो आणि नवा मास्टर उभा करतो. आता दोघांचेही वर्कर त्याच पोर्टवर विनंत्या घेतात.
२. नव्याच्या एरर लॉगवर मिनिटभर नजर ठेवा. ठीक असेल तर जुन्या मास्टरला विंच सिग्नल द्या. त्याचे वर्कर हातातलं काम संपवून निघून जातात, मास्टर मात्र जिवंत राहतो.
३. सगळं सुरळीत असेल तर जुन्या मास्टरला क्विट द्या. गडबड वाटली तर जुन्यालाच हप सिग्नल द्या, म्हणजे तो आपले वर्कर पुन्हा उभे करेल. मग नव्याला क्विट द्या.

दुसऱ्या पायरीनंतर घाई करू नका. जुना मास्टर जिवंत आहे तोवरच मागे फिरणं सोपं आहे.

पॅकेजच्या बाहेरच्या प्रतीही शोधा. कंटेनरमध्ये, म्हणजे अॅप आपल्या लायब्ररींसह बांधलेल्या पेटीत, लायब्ररीची स्वतंत्र प्रत असते, होस्टवरच्या, म्हणजे तो ज्या मशीनवर चालतो तिथल्या, पॅचचा तिला काही उपयोग नाही. इमेज नव्याने बनवावी लागते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसच्या अधिकृत बायनरीत ओपनएसएसएल आतच बांधलेलं असतं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली तेव्हा १.०.१-जी ही दुरुस्त आवृत्ती लगेच आली होती. पण ती बसवून सेवा रीस्टार्ट न करणारे उघडेच राहिले. तेव्हा खासगी की बदलून नवं प्रमाणपत्रही घ्यावं लागलं होतं, कारण त्या त्रुटीतून मेमरीतला मजकूरच बाहेर जात होता.

प्रश्न : विनंत्या वाटून देणाऱ्या हाप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमागे दोन अॅप सर्व्हर आहेत. एकेक करून पॅच करतो, तरी दर वेळी काही ग्राहकांचा व्यवहार अर्धवट तुटतो. क्रम चुकतोय का? (नाशिक, पतसंस्था)

क्रमाआधी हिशेब पाहा. गर्दीच्या वेळी दोन्ही सर्व्हरवर प्रत्येकी ४५ टक्के सीपीयू लागत असेल, तर एक काढल्यावर उरलेल्यावर ९० टक्के भार येतो. तिथे प्रतिसाद लांबतो, टाइमआउट होतात आणि दोष पॅचवर जातो. तीन सर्व्हर प्रत्येकी ६० टक्क्यांवर असतील तरी एक काढला की उरलेले ९० वरच जातात. एक सर्व्हर बाहेर असताना बाकीचे ७० टक्क्यांच्या आत राहतील अशी वेळ निवडा, नाहीतर आणखी एक सर्व्हर जोडा. यावर दुसरी युक्ती नाही.

मग क्रम असा. हाप्रॉक्सीच्या अॅडमिन सॉकेटवरून पहिल्या सर्व्हरची स्थिती ‘ड्रेन’ करा. थेट ‘मेंट’ (देखभालीसाठी पूर्ण बाहेर) करू नका, तुमचे व्यवहार बहुधा तिथेच बिघडत असावेत. ड्रेनमध्ये नवे ग्राहक दुसरीकडे जातात, पण ज्यांची सेशन कुकी या सर्व्हरशी बांधलेली आहे ते इथेच येत राहतात आणि आपलं काम पुरं करतात. ‘शो स्टॅट’मधला चालू सेशनचा आकडा शून्यावर येईपर्यंत थांबा. पाच-दहा मिनिटांत तो शून्य होत नसेल तर एखादं लांबलेलं कनेक्शन आहे. ते कुणाचं आहे हे बघून मगच मेंट करा आणि पॅच लावा. रिबूटनंतर लोड बॅलन्सरला वळसा घालून थेट त्या सर्व्हरच्या पत्त्यावर तपासणी करा : आवृत्ती, लॉगिन, आणि डेटाबेसला हात लावणारी एक खरी विनंती. सर्व्हर परत घेताना ‘स्लोस्टार्ट’ ६० सेकंद ठेवा, म्हणजे कॅश रिकामी असताना सगळी गर्दी एकदम अंगावर येत नाही. दुसऱ्याला हात लावण्याआधी निदान १५ मिनिटं पहिल्याचे एरर आणि प्रतिसादाचे आकडे पाहा. काही बिघाड भार आल्यावरच दिसतात.

लॉगिनची माहिती अॅप सर्व्हरच्या मेमरीत असेल तर कितीही ड्रेन केलं तरी शेवटी कोणाला तरी पुन्हा लॉगिन करावं लागेल. सेशन रेडिस या सामाईक साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये हलवा. आम्ही हेच काम सर्वांत आधी करायला सांगू, कारण ते झालं की सर्व्हर केव्हाही काढता-घालता येतो.

हाप्रॉक्सीचं मशीनही पॅच व्हायचंच असतं. दोन मशीन, मध्ये कीपअलाइव्हडी या प्रोग्रॅमचा एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणारा फिरता आयपी, आणि आधी बॅकअप पॅच करून मग अदलाबदल. दोन्ही मशीन ‘बॅकअप’ म्हणून नोंदवून ‘नोप्रीएम्प्ट’ लावा, नाहीतर पहिलं मशीन परत उठताच आयपी आपणहून परत जातो आणि कनेक्शन दुसऱ्यांदा तुटतात.

शेवटी सगळ्या सर्व्हरवरच्या आवृत्त्यांची यादी काढून एकमेकींशी ताडा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचा नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर पोहोचला होता. आठव्यावरच्या जुन्या कोडने साधारण पाऊण तासात चुकीच्या ऑर्डरींचा पाऊस पाडला आणि तोटा ४४ कोटी डॉलरच्या घरात गेला.

प्रश्न : साखर कारखान्यात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर चालतं. हंगामात गाडी थांबवता येत नाही, दुसऱ्या सर्व्हरला मंजुरी नाही. काय करावं? (सांगली जिल्हा)

एका मशीनवर शून्य डाउनटाइम मिळत नाही, हे व्यवस्थापनाला लेखी कळवा. पण गाडी न थांबवणं तुम्हाला जमू शकतं, आणि खरी गरज तीच आहे.

त्यासाठी काट्याजवळच्या पीसीला सर्व्हरविना काम करता यायला हवं. वजन आधी त्या पीसीवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये, एसक्यूलाइट पुरेसं आहे, लिहायचं, पावती तिथूनच छापायची आणि नोंद मागाहून सर्व्हरला पाठवायची. पावती क्रमांक सर्व्हरकडून घेऊ नका. प्रत्येक काट्याचं अक्षर आणि त्याचा स्वतःचा अनुक्रम जोडून क्रमांक करा. जोडणी परत आल्यावर तीच नोंद दोनदा पोहोचली तर दुसरी नाकारली जावी, म्हणून सर्व्हरवर या क्रमांकावर युनिक बंधन हवं. ते नसेल तर शेतकऱ्याच्या खात्यावर एकच खेप दोनदा चढेल. रिकाम्या गाडीचं वजनही त्याच पीसीवर मिळायला हवं, म्हणून भरलेल्या गाड्यांची चालू यादी प्रत्येक काट्यावर असू द्या. गाडी भरलेली एका काट्यावर आणि रिकामी दुसऱ्यावर तोलली जात असेल, तर सर्व्हर बंद असेपर्यंत तिला मूळ काट्यावरच पाठवा.

सर्व्हर बंद राहण्याची वेळ कमी करायची तर ती कुठे जाते ते पाहा. रॅकमधल्या सर्व्हरची हार्डवेअर तपासणीच कित्येक मिनिटं चालते. ‘सिस्टिमसीटीएल केएक्झेक’ ती टाळून थेट नव्या कर्नलमध्ये जातं. काही रेड कार्डं आणि नेटवर्क कार्डं अशा सुरुवातीनंतर नीट उठत नाहीत, म्हणून हे हंगामाआधीच करून बघा.

सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर पॅचआधी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या. मात्र पॅच बिघडल्यावर दोन तासांनी त्या स्नॅपशॉटवर परत गेलात, तर मधल्या दोन तासांच्या सगळ्या नोंदी जातील. डेटाबेसची डिस्क वेगळी ठेवा आणि स्नॅपशॉट फक्त सिस्टिम डिस्कचा घ्या. आवृत्ती बदलण्यासारखी मोठी कामं गाळप बंद असतानाच करा. हंगामात फक्त सुरक्षा पॅच लावा, तेही गिरणी साफसफाईसाठी थांबते तेव्हा.

प्रश्न : पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एका टेबलला एक कॉलम जोडला. क्षणाचं काम, पण पोर्टल सात मिनिटं गोठलं. टेबल तर लहान आहे. (छत्रपती संभाजीनगर)

टेबलाचा आकार इथे गौण आहे. टेबलाची रचना बदलणाऱ्या ‘आल्टर टेबल’ला त्या टेबलावर सर्वांत कडक लॉक लागतो, म्हणजे तोवर दुसरं कोणी ते वाचूही शकत नाही. त्या वेळी कोणाचा तरी लांबलेला अहवाल तेच टेबल वाचत असणार, म्हणून तुमची आज्ञा त्याच्यामागे थांबली. आणि कडक लॉक मागणारा एकदा रांगेत उभा राहिला की त्याच्यानंतरची प्रत्येक साधी सिलेक्ट, म्हणजे वाचनाची आज्ञासुद्धा त्याच्यामागे अडकते. अहवाल संपेपर्यंत पोर्टल गोठलं ते यामुळे.

उपाय एका ओळीचा आहे. बदलाआधी त्याच सेशनमध्ये ‘लॉक टाइमआउट’ दोन सेकंद करा. लॉक मिळाला नाही तर आज्ञा रद्द होते आणि रांग मोकळी होते. अर्ध्या मिनिटाने पुन्हा प्रयत्न करा. स्क्रिप्टमध्ये असे दहा प्रयत्न ठेवा. व्यवहार उघडा ठेवून ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेत पडून असलेली कनेक्शन आधीच शोधून बंद करा, कारण तीही लॉक धरून बसतात.

बाकीच्या बदलांचं थोडक्यात. ठरलेलं डीफॉल्ट मूल्य असलेला कॉलम ११ व्या आवृत्तीपासून टेबल पुन्हा न लिहिता जोडला जातो. इंडेक्स नेहमी ‘कॉनकरंटली’, म्हणजे टेबलावरचं लिहिणं न थांबवता, बनवा. ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसली तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे उरतो. तो वाचनाच्या कामाचा नसतो, पण प्रत्येक लिहिण्यावर खर्च वाढवतो, म्हणून काढून टाका आणि पुन्हा बनवा. कॉलम रिकामा राहू नये असं नॉट नल करायचं असेल तर आधी चेक बंधन ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून, म्हणजे जुन्या ओळी न तपासता, जोडा, मग ‘व्हॅलिडेट’ करा, मग नॉट नल लावा. १२ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस अशा तपासलेल्या बंधनावर विसंबतो आणि सगळं टेबल लॉक धरून वाचत बसत नाही.

एकेक सर्व्हर पॅच करताना जुना आणि नवा कोड काही वेळ एकाच डेटाबेसवर चालतो, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. म्हणून कॉलमचं नाव कधीच थेट बदलू नका. नवा कॉलम जोडा. कोड दोन्हींत लिहील असा करा. जुना मजकूर एका वेळी हजार ते पाच हजार ओळी अशा तुकड्यांनी हलवा आणि प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करा. मग वाचन नव्यावरून करा, त्यानंतर जुन्यात लिहिणं थांबवा. जुना कॉलम निदान एक पूर्ण आवृत्ती तसाच राहू द्या आणि मग काढा. काम कंटाळवाणं आहे, पण प्रत्येक पायरीवरून मागे फिरता येतं.

प्रश्न : पोस्टग्रेस १३ वरून १७ वर जायचं आहे. किती वेळ बंद ठेवावं लागेल? (पुणे)

१३ च्या दुरुस्त्यांची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली आहे, तेव्हा लवकर करा. पोस्टग्रेसचं ‘पीजी-अपग्रेड’ हे साधन लिंक पर्यायासह वापरलं तर बहुधा काही मिनिटं पुरतात. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना डेटा जुन्या आवृत्तीत सुरक्षितपणे उघडता येत नाही.

सेकंदांत काम उरकायचं तर लॉजिकल रेप्लिकेशन वापरा, म्हणजे जुन्यावरचे बदल नव्या सर्व्हरवर सतत जात राहतात. ‘वॉल लेव्हल’ (वॉल म्हणजे डेटाबेसची बदलांची नोंदवही) लॉजिकल नसेल तर जुन्या सर्व्हरला त्यासाठी एकदा रीस्टार्ट लागेल. १७ चा सर्व्हर शेजारी उभा करा, फक्त स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, त्यावर न्या, जुन्यावर पब्लिकेशन आणि नव्यावर सबस्क्रिप्शन करा. पहिली पूर्ण प्रत झाल्यावर तो मागोमाग चालत राहतो. बदलाच्या वेळी अॅप आणि डेटाबेस यांच्या मधल्या पीजीबाउन्सरला ‘पॉज’ द्या, मागे राहिलेला फरक शून्य झाला की पत्ता बदला आणि ‘रिझ्यूम’ करा. पॉज चालू व्यवहार संपायची वाट पाहतो, त्यामुळे ग्राहकाला थोडा उशीर जाणवतो, पण त्याची विनंती तुटत नाही.

यात पाच ठिकाणी लोक फसतात. सिक्वेन्सचे, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे, आकडे या मार्गाने जात नाहीत. ते हाताने पुढे सरकवा आणि वर काही हजारांची जागा सोडा, नाहीतर पहिल्याच नोंदीला प्रायमरी कीची टक्कर होईल. प्रायमरी की किंवा रेप्लिका आयडेंटिटी नसलेल्या टेबलावर अपडेट आणि डिलीट चालवले की मूळ सर्व्हरवरच एरर येते. स्कीमातले बदल जात नाहीत, म्हणून या काळात ते थांबवा. आणि नव्यावर ‘अॅनलाइझ’ चालवल्याशिवाय गर्दी आणू नका, कारण आकडेवारी नसताना क्वेरी भलत्या वाटेने जातात. सबस्क्रिप्शन बंद पडलं तर जुन्या सर्व्हरवरचा स्लॉट (कुठवर बदल पाठवले याची खूण) वॉल फाइल साठवत राहतो आणि डिस्क भरते. ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज’ला मर्यादा घाला.

प्रश्न : होस्टवर सुरक्षा पॅच आपोआप लागतात. एका रात्री सगळे डॉकर कंटेनर एकदम रीस्टार्ट झाले. (नागपूर)

डॉकरचं पॅकेज अद्ययावत होताना डीमन, म्हणजे पाठीमागे सतत चालणारा त्याचा प्रोग्रॅम, रीस्टार्ट होतो आणि सोबत कंटेनरही थांबतात. डीमनच्या जेसन फाइलमध्ये ‘लाइव्ह-रिस्टोअर’ ट्रू करा, म्हणजे डीमन थांबला तरी कंटेनर चालू राहतात. अनेक होस्ट एकत्र चालवणाऱ्या स्वॉर्म मोडमध्ये हे चालत नाही. शिवाय डॉकर आणि कंटेनरडी ही पॅकेजं स्वयंचलित यादीतून वगळा आणि ठरलेल्या दिवशी एकेका होस्टवर हाताने लावा.

प्रश्न : विंडोज सर्व्हरला दर महिन्याला रिबूट टाळता येतं का? (पणजी)

काही अंशी. विंडोज सर्व्हर २०२५ वर मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर आर्क सेवेमार्फत हॉटपॅच, म्हणजे रिबूटविना लागणारा पॅच, मिळतो, जुलै २०२५ पासून दर कोअरला महिना दीड डॉलर या दराने. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रिबूट लागणारा मूळ पॅच येतो, मधल्या महिन्यांत रिबूटविना. म्हणजे वर्षाला बारावरून चार. ड्रायव्हर, डॉटनेट आणि एसक्यूएल सर्व्हरचे पॅच यात धरलेले नाहीत. दोन किंवा अधिक मशीनचं, एक पडलं तर दुसरं काम घेणारं, फेलओव्हर क्लस्टर असेल तर ‘क्लस्टर-अवेअर अपडेटिंग’ एकेक नोड रिकामा करून पॅच करतं, आणि आमच्या मते तोच जास्त भरवशाचा मार्ग आहे.

प्रश्न : कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये रोलिंग (एकेक प्रत बदलत जाणारं) अपडेट करताना थोड्या ५०२ एरर येतातच. अॅप तयार आहे का हे पाहणारा रेडिनेस प्रोब लावलेला आहे. (मुंबई)

एरर नव्या पॉडमुळे (अॅपच्या नव्या प्रतीमुळे) नाहीत, जाणाऱ्या पॉडमुळे येतात. पॉड काढताना त्याला टर्म, म्हणजे बंद होण्याचा, सिग्नल जाणं आणि सगळ्या नोडवरच्या यादीतून त्याचा पत्ता निघणं ही कामं एकाच वेळी सुरू होतात. पत्ता निघण्याआधी अॅप बंद झालं, तर मधल्या विनंत्या रिकाम्या दारावर जातात. बंद होण्याआधी चालणाऱ्या ‘प्रीस्टॉप’मध्ये दहा सेकंदांची झोप ठेवा. अॅपला बंद व्हायला मिळणारी मूळ मुदत ३० सेकंद असते आणि ही झोप त्यातच मोजली जाते. तुमची सर्वांत लांब विनंती २५ सेकंदांची असेल तर मुदत ४५ करा.

तरी एरर येत असतील तर कंटेनरची पहिली प्रोसेस पाहा. ती शेल स्क्रिप्ट असेल तर टर्म सिग्नल शेलपाशीच अडतो, अॅपला काही कळत नाही आणि मुदत संपल्यावर ते जबरदस्तीने मारलं जातं. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ लिहून अॅप सुरू करा.

नोड पॅच करताना ‘ड्रेन’ अडकून बसत असेल तर पॉड डिसरप्शन बजेट, म्हणजे किती पॉड एका वेळी काढता येतात ती मर्यादा, तपासा. प्रत एकच आणि किमान उपलब्ध संख्याही एकच असेल तर तो पॉड कधीच हलवता येत नाही. प्रती दोन करा आणि त्या वेगवेगळ्या नोडवर जातील असा नियम लावा.

प्रश्न : १९ जुलै २०२४ च्या क्राउडस्ट्राइक प्रकारानंतर आमचे संचालक सगळे स्वयंचलित अपडेट बंद करा म्हणतात. पटतं का? (सोलापूर)

भीती समजते. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. पण दुसरी बाजूही मांडा. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ रोजी पसरला आणि ज्या त्रुटीतून तो शिरला तिचा पॅच १४ मार्चलाच आला होता. जवळजवळ दोन महिने हातात असूनही ज्यांनी तो लावला नाही, त्यांची मशीन गेली.

अपडेट चालू ठेवा, पण टप्प्याने सोडा. पहिल्या दिवशी संगणक विभागाची दोन-तीन मशीन. त्यांत तुमच्याकडच्या प्रत्येक जातीचं एक तरी हवं, नुसती नवी नकोत. दुसऱ्या दिवशी प्रत्येक विभागातली मिळून दहा टक्के. मग निम्मी, मग उरलेली. एकाच शाखेतली सगळी मशीन एका टप्प्यात घेऊ नका, निम्मी शाखा तरी चालू राहील. त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू असेल तर हेच टप्पे तासांवर आणा. अमेरिकेची सीसा ही सायबर सुरक्षा संस्था अशा त्रुटींची यादी प्रसिद्ध करते. रोज सकाळी ती पाहणं हे कोणा एकाच्या नावावर लिहून ठेवा.

क्राउडस्ट्राइकच्या त्या घटनेत अनेकांनी सेन्सरची, म्हणजे मशीनवर बसणाऱ्या तिच्या प्रोग्रॅमची, आवृत्ती मुद्दाम एक पाऊल मागे ठेवलेली होती. पण तो नियम सेन्सरच्या आवृत्तीला लागू होता, रोज येणाऱ्या आशयाच्या फाइलना नाही. तुमच्या अँटिव्हायरसच्या पुरवठादाराला नेमकं हेच विचारा : व्याख्यांच्या फाइलसुद्धा आम्हाला टप्प्याने सोडता येतात का? आणि विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर वापरत असाल तर रिकव्हरी की कागदावर किंवा त्या नेटवर्कबाहेर ठेवा. त्या दिवशी प्रत्येक मशीन सेफ मोडमध्ये नेऊन फाइल काढावी लागत होती आणि ज्यांच्या की बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या, त्यांना आधी तो सर्व्हर उठवावा लागला.